न कळण्याची मुभा

वॉरन रॉबिनेट हा अटारी कंपनीतला प्रोग्रामर. १९७९च्या सुमारास त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ एकट्याने लिहून काढला. खेळ करणाऱ्यांची नावं अटारी तेव्हा कुठेच देत नसे, ना खोक्यावर, ना पडद्यावर. मग रॉबिनेटने खेळातच एक चोरखोली बांधली. तिथे जायचं तर भुलभुलैयातून एक ठिपका शोधून उचलावा लागे. ठिपका एका पिक्सेलएवढा आणि रंगाने पार्श्वभूमीसारखाच. तो ठरावीक दालनात नेला आणि तिथे आणखी दोन वस्तू असल्या, की भिंत लुकलुकू लागे आणि पलीकडे जाता येई. पलीकडे रॉबिनेटचं नाव. त्याने हे वरिष्ठांना सांगितलं नव्हतं. १९८०मध्ये एका शाळकरी पोराने खोली शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तोवर स्वारी नोकरी सोडून गेली होती. अटारीतल्याच स्टीव्ह राइटने या प्रकाराला 'ईस्टर एग' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

यातली बंडखोरी सगळेच सांगतात. मला त्यातली शिस्त जास्त मोलाची वाटते. ती खोली कधीच सापडली नाही तरी खेळ पुरा होतो: जादूचा चषक सोनेरी किल्ल्यात परत येतो आणि खेळणारा जिंकतो. आपलं काही राहून गेलं अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवत नाही. गुपित मुख्य वाटेवर ठेवायचं नाही, हे खेळ रचणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. वाट अडली की खेळणारा खेळ बंद करतो, एवढा धाक पुरतो. लेखकाला हा धाक नसतो. म्हणून संदर्भांनी ठासून भरलेली पुस्तकं बहुधा कंटाळवाणी होतात.

टेरी प्रॅचेट हा याला मोठा अपवाद. १९८३च्या 'द कलर ऑफ मॅजिक'पासून २०१५पर्यंत त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आल्या. खेळ करणाऱ्यांच्या जगात तो घरचाच. तो स्वतः संगणकावरचे खेळ आवडीने खेळे. १९९५मध्ये 'डिस्कवर्ल्ड'वरच खेळ निघाला, त्यात रिन्सविंड या पळपुट्या जादूगाराला एरिक आयडलने आवाज दिला. मुलगी रिआना पुढे खेळांचीच लेखिका झाली; २०१३च्या 'टूम रेडर'ची कथा तिच्या हातची. खेळ करणाऱ्या मंडळींना प्रॅचेटच्या ओळीओळींत दडलेल्या खुणा शोधण्यात एवढा रस का, याचं उत्तर नुसत्या चातुर्यात नाही. आपल्याच धंद्याची शिस्त त्यांना तिथे दिसते.

ती त्याला पहिल्यापासून जमलेली नव्हती, हेही सांगायला हवं. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी जळणाऱ्या शहराकडे पाहत उभे असलेले दोन वीर हे फ्रिट्झ लायबरच्या फाफर्ड आणि ग्रे माऊसर या जोडगोळीचं विडंबन आहेत. लायबर वाचला नसेल तर ते नुसते दोन उपरे. पुढचे ड्रॅगन अ‍ॅन मॅककॅफ्रीकडून आलेले. विडंबन दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चालतं. खांदा वाचकाच्या ओळखीचा नसेल तर स्वार हवेत लोंबकळतो. मालिकेत नव्याने शिरणाऱ्याच्या हाती मी हे पुस्तक कधीच देत नाही.

द्यायचं ते १९९२चं 'स्मॉल गॉड्स'. ओम हा थोर देव पृथ्वीवर उतरतो तो भव्य बैल होऊन नव्हे, तर एकाक्ष कासव होऊन, कारण एवढ्या मोठ्या धर्मात त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला माणूस उरलाय एकच: ब्रूथा नावाचा मंदबुद्धी वाटणारा पोरगा. धर्मपीठाचा हुकूम असा, की जग गोल आहे असंच मानायचं. मालिकेच्या जगात ते खरोखरच सपाट असून कासवाच्या पाठीवर चाललेलं आहे. ते कासव हलतं असं कुजबुजणारे पाखंडी ठरतात. गॅलिलिओची दंतकथा इथे पुरती उलटी टांगली आहे. पण गॅलिलिओचं नावही न ऐकलेल्या वाचकाला सत्तेपुढे दबलेल्या सत्याची गोष्ट मिळतेच.

याहून सुंदर खोच शेवटी आहे. ब्रूथाला जाळण्याची तयारी झालेली असताना ओम एका गरुडाला वेठीला धरून आभाळातून धर्माधिकारी व्हॉर्बिसच्या टकलावर येऊन आदळतो आणि व्हॉर्बिस मरतो. ग्रीक नाटककार एस्किलसच्या मरणाची आख्यायिका ज्यांना ठाऊक आहे (त्याचं टक्कल खडक समजून गरुडाने वरून कासव टाकलं, अशी ती आहे) ते इथे खुर्चीतून उठतात. बाकीच्यांना दिसतो एक न्याय्य आणि हास्यास्पद अंत. कासव आणि गरूड पहिल्या पानांपासून समोर असतात, त्यामुळे योगायोगाचा आळही येत नाही. इथे संदर्भ कथेचा खांब आहे आणि तरी तो ओळखायची गरज नाही.

त्या व्हॉर्बिसचं नाव पुढे खेळांतच शिरलं. ऑडिओ साठवण्याचं 'व्हॉर्बिस' हे मुक्त तंत्र त्याच्याच नावावरून आलं, आणि 'माइनक्राफ्ट'सह कित्येक खेळांचे आवाज त्यात साठवलेले असतात.

आता उलट बाजू. २०११मध्ये अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेयर वन' आली. तिच्यात अफाट संपत्तीचा वारस व्हायचं तर १९८०च्या दशकातले चित्रपट संवादांसकट तोंडपाठ हवेत, आणि शेवटच्या टप्प्यांत रॉबिनेटची तीच खोली शोधावी लागते. चेष्टा म्हणून ठेवलेली खोली इथे प्रवेशपरीक्षेचा पेपर झाली. कादंबरी खपली, स्पीलबर्गचा चित्रपटही २०१८मध्ये आला. त्यानंतर मोठ्या मालिका आणि चित्रपट यांना ही सवय जडलेली दिसते: खूण आली की कॅमेरा थबकतो, पार्श्वसंगीत चढतं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून दोन क्षण रिकामे सोडले जातात. ज्याला कळलं नाही त्याला, आपल्याला काहीतरी कळलेलं नाही, एवढं मात्र नक्की कळतं. हा उद्धटपणा आहे, आणि तो चाहत्यांच्या प्रेमाच्या नावाखाली खपवला जातो.

प्रॅचेटच्या कौतुकावर मात्र एक आक्षेप रास्त आहे. प्रॅचेटचा खजिना अखेर इंग्रजी माणसाचा: शेक्सपिअर, हॉलिवूड, रॉक संगीत, इंग्लंडमधली खेडवळ लोकनृत्यं. पुण्या-नागपूरच्या वाचकाच्या हातून त्यातलं निम्मं निसटतं. निसटू दे. न कळण्याची मुभा खरी की दिखाऊ, हे अशाच वाचकावर पारखून पाहता येतं, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा खरी ठरली आहे. शिवाय मालिकेचा पायाच, म्हणजे चार हत्ती आणि त्यांच्याखालचं प्रचंड कासव, आपल्याला ओळखीचा वाटतो. कूर्मावतार आपला, दिग्गज आपले, देवळाच्या मंडपात फरशीत कोरलेलं कासव आपण ओलांडलेलं असतं. मात्र हत्ती कासवावर उभे अशी उतरंड आपल्या पुराणांत सहसा भेटत नाही; तिथे मंदार पर्वत कासवाच्या पाठीवर येतो आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर. हत्तीखाली कासव ठेवणारा 'हिंदुस्थानी' भेटतो तो जॉन लॉकच्या १६९०च्या तत्त्वज्ञानग्रंथात, युरोपात पसरलेल्या ऐकीव माहितीच्या आधारावर. आपली म्हणून जी खूण आपण प्रॅचेटमध्ये पटकन ओळखली, ती बहुधा लंडनला जाऊन, तिथे नवे कपडे घालून परत आलेली आहे.