त्यागाचा सातबारा

‘पदवीदान’ हा शब्द मला नेहमी कोड्यात टाकतो. दान कोण करते आणि कोणाला? मुंबई विद्यापीठाने १८६२ साली पहिले चार बी.ए. केले, रानडे आणि भांडारकर त्यांतले दोघे. त्यांच्या घरी त्या दिवशी कोणाचे आभार मानले गेले असतील, कोण जाणे. आमच्या समाजात मात्र पदवी हाती आली की देणाऱ्यांची मोजदाद सुरू होते, आणि त्या मोजदादीला ‘त्याग’ हे भारदस्त नाव मिळते.

गेल्या उन्हाळ्यात कर्नाळ्याच्या पलीकडे माझ्या चुलतभावाच्या वाडीवर आमचे सारे गोत जमले होते. फाटकावर ‘फार्महाऊस’ असे लिहिले असले तरी आम्ही तिला वाडीच म्हणतो. त्याची मुलगी इंजिनिअर झाली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. त्यामुळे मास्तर असूनही तिच्या पदवीचा कागद मी जरा भीतभीतच हातात घेतला.

वाडी कशी आली हे सांगायला हवे. आमचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने ती भातखाचरे त्यांची झाली. पुढे १९७०मध्ये सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादनाखाली गेली, त्यांत आमचीही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या मातीची मालकी पंधरा-वीस वर्षेसुद्धा पुरी भोगता आली नाही. साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळाला, तो विकला, त्यातून ही वाडी आणि मुलीची फी.

जेवणाआधी भाषणे झाली. आजोबांनी जमिनीचा त्याग केला, वडिलांनी घाम गाळला, वगैरे. मग कोणाला तरी ताईची आठवण झाली. ताई म्हणजे मुलीची थोरली आत्या. ती तेव्हा चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. धाकट्या भावाच्या शाळेचा खर्च निघावा आणि घरचे पाणी भरायला कोणी असावे म्हणून सातवीनंतर ती घरी बसली. “आमची ताई त्यागमूर्ती आहे,” असे वक्त्याने म्हणताच टाळ्या पडल्या. ताई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “मी शाला सोडली नाय, माजी सोडवली.”

हे वाक्य हसण्यावारी गेले. मला ते त्या दिवसातले सर्वांत नेमके वाक्य वाटले. त्याग करायला मूठ आपणहून उघडावी लागते. ती दुसऱ्याने उघडली, तर त्या क्रियेला मराठीत वेगळे शब्द आहेत. ते घरात उच्चारायला जड जातात एवढेच. आणि फरक केवळ शब्दांचा नाही. दिलेल्या वस्तूबद्दल कृतज्ञता पुरते. घेतलेल्या वस्तूचा हिशेब द्यावा लागतो.

हा भेद आमच्या लोकांना चांगला ठाऊक आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईचे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. ती माणसे सरकारकडून आभार ऐकायला जमली नव्हती. त्यांना घेतल्याचा मोबदला आणि वाटा हवा होता. ‘राष्ट्रासाठी तुमचा थोर त्याग’ असे त्यांना कोणी ऐकवले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते? मग तेच वाक्य आपण आपल्या बहिणीला कोणत्या तोंडाने ऐकवतो?

माझा भाऊ म्हणेल, तेव्हा मी पोर होतो, मी काही मागितले नव्हते. खरे आहे. बालपणीच्या लाभाबद्दल कोणी त्याला गुन्हेगार ठरवत नाही. पण भूखंडाच्या वेळी तो पोर नव्हता. २००५पासून कायद्याने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीची वाटेकरी आहे. तरी आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, माहेरचा उंबरा बंद होऊ नये म्हणून. ताईनेही केली. ही सही राजीखुशीची असे कागद म्हणतो. ‘नाही’ म्हटल्यास भाऊबीज तुटेल अशी धास्ती असेल, तर त्या राजीखुशीला मी कितीसे वजन द्यावे? आपल्या शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. भगिनीऋण सांगायचे त्यांना सुचले नाही. (ओवाळणीत ते फिटते अशी समजूत असावी.)

घरात असे हिशेब मांडले तर माया उरेल काय, ही शंका मी हलकी मानत नाही. कित्येक घरे न बोलण्यावरच टिकून आहेत. तरीही मायेची जबाबदारी दर वेळी सही करणारीवरच का पडावी, हे मला कोणी समजावून दिलेले नाही.

पंगत उठल्यावर त्या मुलीने बापाला विचारले, “वाडीच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव लावायला काय काय कागद लागतात?” बाप म्हणाला, “आजच्या दिवशी हे नको.” ती गप्प बसली. पण जाताना तिने आमच्या एका निवृत्त तलाठ्याचा फोन नंबर माझ्याकडून लिहून घेतला.