उसना होकार

दुसऱ्याच्या उपयोगीं पडावें, ही शिकवण आपणां सर्वांस लहानपणापासून मिळालेली आहे, व तिच्याविषयीं कोणी वाद घालील असें वाटत नाहीं. परंतु उपयोगीं पडण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि ते बाहेरून इतके सारखे दिसतात कीं, खुद्द करणाऱ्यासही पुष्कळदां त्यांतील भेद कळत नाहीं. एका प्रकारानें साह्य घेणारा मनुष्य पूर्वीपेक्षां अधिक समर्थ होतो. दुसऱ्यानें त्याचें काम होतें खरें, पण तो स्वतः अधिक परावलंबी होतो. हा भेद आमच्या ध्यानांत कसा आला, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. प्रसंग घरगुती आहे, व त्यांत चूक आमचीच आहे.

बारामती तालुक्यांतील पिंपळी या गांवीं आमच्या चुलती राहतात. आम्ही त्यांस काकी म्हणतों. वय चौसष्ट वर्षें, शाळा सातवीपर्यंत. थोडा ऊंस आहे, दोन म्हशी आहेत, आणि गांवांतील स्त्रियांच्या एका बचत गटाचा हिशेब त्या ठेवितात. बारा बायांचा पैसा त्यांच्या वहींतून जातो, पण आजपर्यंत त्यांत एका रुपयाचीही चूक निघालेली नाहीं. त्यांच्यापाशीं मुलीनें दिलेला एक जुना लॅपटॉप होता. त्यावर त्या नातवंडांशीं बोलत व कांहीं बँकेचें काम करीत. त्या लॅपटॉपांतील 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तेव्हां त्यावर पैशांचे व्यवहार करणें आतां धोक्याचें आहे असें ठरून मुलीनें नव्या यंत्रासाठीं पैसे पाठविले, व तें आणून लावून देण्याचें काम आमच्याकडे आलें.

आम्ही एका शनिवारीं दुपारीं पिंपळीस गेलों. संध्याकाळच्या गाडीनें परतावयाचें होतें, म्हणून यंत्र आपल्यापुढें घेऊन बसलों व काकींस चहा करावयास सांगितलें. नवें यंत्र प्रथम उघडलें म्हणजे तें एकामागून एक प्रश्न विचारतें. भाषा कोणती? आम्हीं इंग्रजी निवडली, कारण ती आम्हांस संवयीची. खातें कोणाचें? आमचें. मोबाईलचा क्रमांक? आमचा. पासवर्ड? आमच्या लक्षांत राहील असा. नंतर शर्तींचीं लांबलचक पानें आलीं. त्यांखालचें मान्यतेचें बटण आम्हीं न वाचतांच दाबलें. काकी चहा घेऊन आल्या तोंवर सर्व प्रश्नांचीं उत्तरें देऊन झालीं होतीं. त्यांनीं आम्हांस मनापासून आशीर्वाद दिला, आणि आम्ही आपल्या कर्तबगारीवर प्रसन्न होऊन घरीं आलों.

पुढें यंत्र अडलें कीं काकींचा फोन येई. खातें आमच्या नांवें, म्हणून यंत्राचा आकडा आमच्या मोबाईलवर येई, तो आम्ही त्यांस सांगत असूं. बँकेचा आकडा त्यांच्या मोबाईलवर येई, तो त्या आम्हांस सांगत, व आम्ही आपल्या घरीं बसून त्यांचें काम उरकीत असूं. हा जो आकडा, ज्यास ओटीपी म्हणतात, तो कांहीं मिनिटांतच निरुपयोगी होतो. यामुळें आमचें बोलणें प्रत्येक वेळीं एकच असे: "काकी, लवकर आकडा सांगा, वेळ जातोय."

मग एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं त्यांस एका अनोळखी मनुष्याचा फोन आला. "तुमच्या पुतण्यानें मला सांगितलंय. लॅपटॉपचं काम अर्धं राहिलंय. आत्ता एक आकडा येईल तो लवकर सांगा, वेळ जातोय." उसाचें बिल त्याच आठवड्यांत काकींच्या खात्यांत जमा झालें होतें. आकडा आला, व काकी तो सांगणारच होत्या. परंतु चष्मा गोठ्यांत राहिला होता. तो शोधून आणीपर्यंत आकड्याची मुदत संपली. त्या मनुष्यानें पुन्हा फोन केला, तों शेजारची कॉलेजांत जाणारी मुलगी आली व तिनें दोन प्रश्न विचारतांच त्यानें फोन बंद केला. पैसे वांचले. ते आमच्या शहाणपणानें वांचले नाहींत. विसरलेल्या चष्म्यामुळें वांचले.

हें कळतांच आम्ही पिंपळीस गेलों, आणि सांगावयास लाज वाटते, पण काकींवर रागावलों. आकडा कोणासही सांगूं नये असें जिकडेतिकडे बजावून सांगतात, तें तुम्हीं ऐकलें नाहीं काय, असें विचारलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "ऐकलं होतं रे. पण तूच तर दर वेळी सांगायला लावत होतास. तो माणूस अगदी तुझ्यासारखी घाई करत होता, म्हणून मला खरा वाटला."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चोरास जी संवय पाहिजे होती, ती आम्हींच लावून ठेविली होती.

वाचकहो, आमचें चुकलें तें कोठें? आम्हीं त्यांच्यासाठीं श्रम केले यांत चूक नव्हती. चुकलें तें हें कीं, श्रमांबरोबर त्यांचा होकारही आम्हींच देऊन टाकिला. श्रम उसने घेतां येतात. शेजाऱ्याचा बैल आणून आपलें शेत नांगरतां येतें, व त्यांत कोणाचा कमीपणा नाहीं. परंतु "हें मला मान्य आहे" हे शब्द ज्याचे त्यानेंच बोलावयाचे असतात. दुसऱ्यानें ते बोलून दाखविले म्हणजे तो होकारच नव्हे. ती केवळ होकाराची खूण असते.

याच बारामती तालुक्यांत सुपे हें गांव आहे. १२ मे १८७५ रोजीं तेथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरां-दुकानांवर हल्ला केला, व तेथून तो दंगा पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. कापसाचा उतरलेला भाव, वाढलेला सारा, भारी व्याज अशीं त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे: जमावाचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. ठिकठिकाणीं कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळण्यांत आले. ज्या कागदावर अंगठा उमटविला त्यांत काय लिहिलें आहे, हें पुष्कळ अंगठा देणाऱ्यांस वाचतां येत नव्हतें. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देण्यासाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्यांचे दस्त गांवासाठीं नेमलेल्या निबंधकासमोर व्हावे अशी तजवीज करावी लागली.

आम्ही कांहीं स्वतःस त्या सावकारांच्या पंक्तीस बसवीत नाहीं. काकींचा एक पैसाही आम्हांस नको होता. तथापि कृत्याची घडण पाहूं जातां ती एकच दिसते. ज्यास वाचतां येतें तो, ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या नांवें कागद करून देतो. हेतु शुद्ध असल्यानें पाप कमी होत असेल, पण घडण बदलत नाहीं. काकींनीं डोळ्यांनींही न पाहिलेल्या पानाखालीं आम्हीं त्यांचा अंगठा उमटविला होता. शिवाय त्यांच्या पेटीची किल्ली आमच्या खिशांत होती. उद्यां आम्ही आजारी पडलों असतों, तर त्या आपल्याच यंत्राच्या दाराशीं उभ्या राहिल्या असत्या.

कोणी म्हणेल, वृद्ध माणसांस हें सर्व कोठून समजणार? त्यांस शिकवीत बसण्यापेक्षां आपण करून दिलेलें बरें. यास आमचें उत्तर असें: जी बाई बारा घरांचा हिशेब बिनचूक ठेविते, तिला आपल्या पासवर्डाचा अर्थ समजणार नाहीं हें म्हणणें खरें नव्हे, तें आमच्या आळसास सोयीचें आहे इतकेंच. आणि सर्व कांहीं समजण्याची गरजही नाहीं. विहिरीवरच्या मोटरीची गुंडाळी कशी भरितात हें आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे? तरी बटण दाबलें म्हणजे काय होईल, व कोणत्या तारेस हात लावूं नये, हें आपण जाणतों, आणि तेवढें पुरतें.

दुसरा कोणी म्हणेल, मग वडील माणसांस कांहीं संरक्षण नकोच काय? संरक्षण अवश्य पाहिजे. परंतु विहिरीस कठडा बांधणें वेगळें, आणि दारास बाहेरून कडी लावणें वेगळें. कठडा सर्वांस दिसतो व तो कशासाठीं आहे हें सर्व जाणतात. यंत्रावर साधें खातें ठेवितां येतें, म्हणजे दुसऱ्या अधिक अधिकाराच्या पासवर्डावांचून त्यांत नवा प्रोग्राम सहज शिरत नाहीं. ही चांगली तजवीज आहे; पण ती सांगून, विचारून व दोन्ही किल्ल्या मालकाच्या हवालीं करून केली तरच तो कठडा. गुपचूप केली तर ती कडीच होय.

म्हणून आम्ही पुन्हा गेलों. या वेळीं सकाळीं गेलों, व परतीची गाडी ठरविली नाहीं. यंत्र काकींपुढें ठेविलें, माऊस त्यांच्या हातीं दिला, आणि आम्ही बाजूस बसलों. भाषा मराठी केली, अक्षरें मोठीं केलीं. खातें त्यांच्या नांवें व त्यांच्याच क्रमांकावर काढलें. पासवर्ड त्यांनीं स्वतः योजिला. त्या तो लिहीत असतां आम्हीं तोंड फिरविलें. तो एका वहींत लिहून गटाच्या पासबुकाबरोबर ट्रंकेंत ठेविला. त्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला. पैशांची अशी फसवणूक झाल्यास तत्काळ कळविण्याचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट हा कळफलक घेतला. १९९१ च्या भारतीय मानकांत त्याचा समावेश आहे, व त्यांत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे असतात. दुपारपर्यंत काकींनीं आपलें नांव उमटविलें, व संध्याकाळपर्यंत गटांतील बाराही बायांचीं.

शर्तींचा मजकूर आला तेव्हां आम्हीं त्यांतील मुख्य गोष्टी साध्या शब्दांत समजावून सांगितल्या. यंत्रानें तुमचा ठावठिकाणा इतरांस कळवावा काय, असा एक प्रश्न होता. काकी म्हणाल्या, "कशाला? मी घरीच असते." आणि त्यांनीं नकाराचें बटण दाबलें. पहिल्या वेळीं त्याच प्रश्नास आम्हीं त्यांच्या वतीनें होकार दिला होता. उसना होकार किती खोटा असूं शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस नको होता.

आज सातबारा यंत्रांतून निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीच्या योजनेनें पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावी अशी सोय झाली. अनुदान, पेन्शन, बँक यांचे आकडेही मोबाईलवरच येतात. तेव्हां खेड्यांतील प्रत्येक घरांत कोणीतरी शिकलेला मुलगा, पुतण्या किंवा नात वडील माणसांसाठीं हें काम करीत असेल. त्यांस आमची विनंती इतकीच कीं, ओझें खुशाल उचला, दुकानांत जा, तारा जोडा, रात्र जागून यंत्र तयार करा. पण जेथें 'हो' किंवा 'नाहीं' म्हणावयाचें असेल तेथें थांबा, व ज्याचें घर त्यास बोलवा. चहा आपण करावा.

परवां आम्हांस काकींच्या एका कामाची घाई होती, व जुन्या संवयीनें आम्हीं फोनवर आकडा विचारला. त्या म्हणाल्या, "आकडा कुणालाच सांगायचा नाही, पुतण्यालासुद्धा नाही. काम असेल तर घरी ये." काम दोन दिवस लांबलें, परंतु आम्हांस त्याचें वाईट वाटलें नाहीं.