नाव न सांगणे आणि खोटे नाव सांगणे

परवा आपल्या एका सभासदांच्या घरी नवा मोबाईल आला व तो चालू करून देण्याचे काम माझ्याकडे आले. यंत्र उघडताच प्रश्न सुरू झाले: नाव काय, जन्मतारीख कोणती, बँकेच्या कार्डाचा क्रमांक कोणता? घरातील आजी म्हणाल्या, "त्याला कशाला हवं रे आमचं नाव? काहीतरी खोटं घाल नि हो मोकळा." सूचना सोपी होती, परंतु माझा हात थबकला. आपली ओळख राखून ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे काय, आणि असल्यास त्यासाठी असत्याचा आश्रय घ्यावा काय, हे दोन निरनिराळे प्रश्न होत.

पहिल्याचे उत्तर कठीण नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यातील अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. आपल्या परंपरेसही हे नवे नाही. फंडपेटीत नाव न सांगता दान टाकणाऱ्यास कोणी लबाड म्हणत नाही; उलट गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते.

मात्र त्याच देवळात पूजेस बसणाऱ्या यजमानास माझे वडील नाव व गोत्र विचारतात, कारण त्यावाचून संकल्प पुरा होत नाही. त्याच्या पेटीत पैसे किती, हे ते विचारीत नाहीत. कार्यास जेवढे आवश्यक तेवढेच विचारावे व तेवढेच सांगावे, हा विवेक येथे आहे. सिमकार्ड घेताना वा बँकेत खाते उघडताना खरी ओळख दिलीच पाहिजे. पण बोलणे व छायाचित्र काढणे एवढ्याचसाठी यंत्रास कार्डाचा क्रमांक कशाला? बहुतेक अँड्रॉइड मोबाईल खाते न उघडताही वापरता येतात; 'वगळा' हे बटण बारीक अक्षरांत असते, इतकेच. ॲपलच्या खात्यातही पैसे देण्याचे साधन 'काहीही नाही' असे निवडता येते. एफ-ड्रॉइड या भांडारातून खात्यावाचून विनामूल्य ॲप घेता येतात.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि येथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आपला क्रमांक द्यावयाचा नाही म्हणून एकदा मी एका मित्राचा क्रमांक लिहून दिला. त्यानंतर कित्येक दिवस नको ते फोन त्या बिचाऱ्यास येत राहिले. मी स्वतःस चतुर समजत होतो. प्रत्यक्षात माझे ओझे मी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले होते. मौन आणि असत्य यांतील अंतर मला त्या दिवशी कळले. मौन आपल्यापुरते राहते. असत्य मात्र कोणाच्या ना कोणाच्या दारी जाऊन उभे राहते. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदाही एका बाजूने कार्यास लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती मर्यादित ठेवतो, आणि दुसऱ्या बाजूने माहिती देताना दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, असे नागरिकाचे कर्तव्यही सांगतो.

याच न्यायाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादे ॲप आपली क्रमांकांची वही मागते व आपण सहज 'होय' म्हणतो. त्या वहीत शेजाऱ्यांची, सोयऱ्यांची, देवळातील मंडळींची नावे असतात. ती आपल्यापाशी ठेव आहे. ठेव परस्पर देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आजींच्या मोबाईलमध्ये शेवटी खोटे काहीच घातले नाही. खाते वगळले, कार्ड दिले नाही. खाते नसल्याने मोबाईल हरवल्यास छायाचित्रेही जातील, हे त्यांस आधीच सांगितले. त्या म्हणाल्या, "जाईनात. खोटं तर लिहावं लागलं नाही ना!" माझ्याही मनात तेच होते.