अर्धवट शाळेपेक्षा पूर्ण सुट्टी बरी

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात रात्री बर्फ पडू लागला, की प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) अधीक्षकाला पहाटेच एक निर्णय घ्यावा लागतो: आज शाळा भरवायची की नाही. रस्ते साफ करणाऱ्यांशी बोलणे, चढउतारांच्या गल्ल्यांतून स्वतः गाडी फिरवून चाके घसरतात का ते पाहणे, पुढच्या काही तासांचा अंदाज तपासणे, हे सारे अंधारातच उरकावे लागते. कारण उजाडण्यापूर्वीच पिवळ्या बस पहिल्या फेरीला निघतात. बंद ठेवली तर मुलांचा अभ्यास बुडवला म्हणून बोल लावला जातो, चालू ठेवली तर जिवाशी खेळ केला म्हणून. माझे मत स्पष्ट आहे. रस्त्यांविषयी रास्त शंका असेल, तर शाळा पूर्ण बंद ठेवावी, तसे वेळेत सांगावे आणि बुडालेला दिवस भरून काढावा. खरे नुकसान नावापुरत्या उघड्या शाळेने होते.

याला चांगला आधार आहे. अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील २००३ ते २०१० या काळातील आकडेवारी तपासली. जोरदार हिमवर्षावामुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा मुलांच्या परीक्षेतील कामगिरीवर परिणाम दिसला नाही. बेताच्या बर्फात शाळा चालू राहिल्या आणि काही मुले गैरहजर राहिली, तेव्हा मात्र त्या मुलांचे नुकसान झाले, विशेषतः गणितात. कारण समजण्यासारखे आहे. सगळाच वर्ग घरी असेल तर शिक्षक धडा एक दिवस पुढे ढकलतात आणि सर्वांना एकाच ठिकाणापासून पुढे नेतात. पंचवीसपैकी दहा बाके रिकामी असतील तर अपूर्णांकांचा नवा पाठ शिकवावा की थांबावे, असा पेच पडतो. शिकवला तर गैरहजर मुले मागे पडतात, थांबले तर आलेल्या मुलांचा दिवस वाया जातो. शिवाय अशा दिवशी घरात मोटार नसलेल्या, न झाडलेल्या पदपथावरून बसथांबा गाठावा लागणाऱ्या मुलाची गैरहजेरी आधी लागते. म्हणजे चालू शाळेची किंमत गरीब घर मोजते.

सुरक्षिततेचा हिशेबही हेच सांगतो. २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. बर्फाला सरावलेल्या बफेलोसारख्या शहरात एवढ्या बर्फाची कोणी दखलही घेतली नसती. पण अटलांटाकडे बर्फ हटवण्याची तशी यंत्रणा नव्हती. शाळा, कार्यालये आणि दुकाने भर दुपारी एकदमच सुटली, महामार्ग गोठले, आणि हजारो मुलांना ती रात्र शाळेत काढावी लागली. काही तर बसमध्येच अडकली. म्हणून अमुक इंचांना सुट्टी असा सरसकट नियम चालत नाही. त्या गावाची तयारी पाहावी लागते. पावसातही हेच घडते: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील कित्येक मुलांनीही शाळेतच रात्र काढली. मुले घराबाहेर पडल्यानंतर घेतलेला निर्णय अनेकदा निर्णय न घेण्याइतकाच घातक ठरतो.

आक्षेप गंभीर आहेत. संशोधक मार्कोट आणि हेमेल्ट यांच्या मेरिलँडमधील अभ्यासात, सरासरी पाच दिवस शाळा बंद राहिलेल्या वर्षी वाचन आणि गणितात समाधानकारक ठरणाऱ्या तिसरीच्या मुलांची संख्या जवळपास तीन टक्क्यांनी कमी दिसली. हा निष्कर्ष डावलता येणार नाही. मात्र बुडालेले दिवस जूनमध्ये, परीक्षा उरकल्यावर भरून काढले तर त्यांचा परीक्षेला काय उपयोग? ते आधीच भरले पाहिजेत. मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षाला किमान १८० दिवस शाळा भरवण्याच्या अटीसाठी १८५ दिवसांचे वेळापत्रक आखतात. ही शिल्लक हाताशी असली की धोका पत्करायचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप घरून ऑनलाइन शिकवण्याचा. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहराने तो प्रयोग केला आणि सकाळी असंख्य मुलांना लॉगिनच करता आले नाही. यंत्रणा सुधारेल, पण पहिलीतल्या मुलाशेजारी बसायला मोठे माणूस लागते, आणि परिचारिका किंवा दुकानातला कामगार त्या दिवशी कामावर असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: शाळेतले जेवण हाच अनेक मुलांचा दिवसभरातला भरवशाचा घास असतो, आणि घरी सांभाळायला कोणी नसते. याचे उत्तर सर्व मुलांना निसरड्या रस्त्यावर आणणे हे नव्हे. आदल्या दिवशी जेवणाची पाकिटे घरी द्यावीत, आणि रस्ते निर्धोक असतील त्या भागात एखादी उबदार इमारत गरजू मुलांसाठी उघडी ठेवावी. यासाठी पैसा लागतो. सुट्टीच्या धोरणातच त्याची तरतूद हवी.

बर्फ असो वा आपल्याकडचा पावसाचा रेड अलर्ट, शाळांचे निर्णय घेणाऱ्यांकडे मागणे एवढेच: शक्य तेव्हा सुट्टी आदल्या संध्याकाळी जाहीर करा, बुडालेला दिवस परीक्षेआधी भरून काढा, आणि शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलाला त्या दिवशी उपाशी ठेवू नका.