घरचा जडसंग्रह



महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी नियत वयोमानानुसार निवृत्त होतात. शाल-श्रीफळ होते, कार्यभाराची यादी नव्या माणसाच्या हाती सोपवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी आजवर डबा पिशवीत घालून घराबाहेर पडायचे त्या वेळी, विहित असे कोणतेच काम समोर उरत नाही. कोषागारातून निवृत्तिवेतन बिनतक्रार जमा होते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षाची निश्चिती होते; परंतु उदरनिर्वाहाची तरतूद झाली तरी दिवसाची तरतूद ज्याची त्यानेच करावी लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी निवृत्त मंडळी शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेकरी म्हणून आपली पाळी धरतात, आणि त्यांच्या मुद्रेवर जे समाधान दिसते त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. मला मात्र काम सापडले ते माझ्याच माळ्यावर.

शासकीय कचेरीत जडसंग्रह नोंदवही असते. खुर्ची, मेज, कपाट, भिंतीवरचे घड्याळ, अशा प्रत्येक जिनसेला तीत क्रमांक असतो, प्रत्यक्ष पडताळणी होते, आणि एखादी वस्तू निरुपयोगी ठरली म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी आणि लिलाव या क्रमाने ती दप्तरातून रीतसर बाहेर पडते. ज्याने आयुष्यभर ही नोंदवही सांभाळली त्याच्या घरी मात्र, कधीतरी लागेल या एका आशेवर, तांब्याचा बंब, नातवंडे मोठी झाल्याने रिकामा पडलेला पाळणा, मुलांच्या स्पर्धा परीक्षांची पुस्तके, आणि ज्याच्या परवान्याची फी एके काळी पोस्टात भरावी लागे तो रेडिओ, हे सारे नोंदीवाचून धूळ खात पडलेले असते. म्हणून मी घरच्या जिनसांची फेरिस्त केली, आणि तिच्यातील नको असलेल्या वस्तू फोनवरून विक्रीस मांडू लागलो.

जुनी वस्तू घराबाहेर काढण्याच्या रीती आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई. खामगावच्या चांदीबाजारात जुन्या दागिन्याची मोड आजही होते, आणि तिथे तराजूचा न्याय योग्यच आहे, कारण वितळल्यानंतरही चांदी ही चांदीच राहते. पण शिलाई मशीन जेव्हा भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, तेव्हा त्याच्या लोखंडाचे वजन होते आणि त्यात शिल्लक असलेली वीस वर्षांची शिलाई हिशेबाबाहेर राहते. मला ही हानी केवळ पैशाची वाटत नाही. ज्या वस्तूत अजून कर्तृत्व उरले आहे तिला अकाली मृतवत् ठरवणे हा त्या वस्तूवर, आणि तिची ज्याला गरज होती त्या कुठल्यातरी अनोळखी संसारावरही अन्याय आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून लोकांनी टाकून दिलेले अडकित्ते, दिवे, दौती हिंडून हिंडून जमवल्या आणि तो अफाट संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तसे भाग्य लाखात एखाद्या वस्तूला लाभते. बाकीच्यांना संग्रहालय नको, पुन्हा कामावर रुजू होणे हवे आहे.

माझ्या पत्नीच्या डोळ्यांना सुईत दोरा ओवणे जमेनासे झाल्यापासून तिचे पायाचे मशीन झाकून ठेवलेले होते. त्याचे छायाचित्र टाकताना मी तपशिलात प्रथम दोष लिहिले: पट्टा सैल झाला आहे, फळीचा एक कोपरा पाण्याने फुगला आहे; मग लिहिले की टाका सरळ पडतो. दोष आधी लिहावेत, असे माझे ठाम मत आहे. ग्राहक घासाघीस करतो ती बहुधा शंकेपोटी, आणि शंकेचे कारणच आपण दूर केले की व्यवहारातली अर्धी कटुता जाते. ‘फायनल किती?’ एवढाच निरोप पाठवणारे पुष्कळ भेटले. त्यांनाही सविस्तर उत्तर द्यावे, कारण त्या दोन शब्दांमागे कोणाची किती गरज आहे हे आपल्याला दिसत नसते.

आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद बोलण्यात सहज करतो. या व्यवहाराने मला घाटाखालची माणसे नव्याने भेटवली. पोलीस भरतीची तयारी करणारा नांदुऱ्याकडचा एक तरुण पुस्तके न्यायला आला आणि दोन तास गणिताचे प्रश्न विचारत बसला. मशीन राजूर घाट उतरून मोताळा तालुक्यातल्या एका नवविवाहितेच्या घरी गेले.

एका गोष्टीचा इशारा मात्र कळकळीने द्यायचा आहे. लष्करातील अधिकारी असल्याची बतावणी करून, बदली झाल्याने वस्तू न पाहताच घेतो आणि पैसे आगाऊ पाठवतो, असे सांगणारे भामटे फोन करतात. २०१९ साली पुलवामात दोन जवान गमावलेल्या आपल्या जिल्ह्यात गणवेशाविषयी जी भक्ती आहे, तिचाच हे लोक गैरफायदा घेतात, आणि याहून हीन फसवणूक मला ठाऊक नाही. ते एक चौकोनी संकेतचित्र (क्यूआर कोड) धाडतात आणि ते स्कॅन करून पिन टाका म्हणतात. यूपीआयमध्ये पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात. रक्कम गेलीच तर लाजून घरात बसू नये, तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मशीन नेणाऱ्या त्या मुलीने परवा फोन करून विचारले, की पायट्याऐवजी विजेची मोटार बसवली तर पट्टा बदलावा लागेल काय. मला ते ठाऊक नव्हते. आज दुकाने उघडली म्हणजे जाणत्या कारागिराकडे चौकशी करणार आहे, आणि जुन्या बनावटीची बॉबिन केस मिळते का तेही पाहणार आहे, कारण तिच्या गावात ती मिळत नाही.