एका षटकोनातलं नाशिक

१९८० साली अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' नावाचा एक संच निघाला. त्यात डार्लीन या चित्रकर्तीने रंगवलेला दोन तुकड्यांचा मोठा नकाशा होता. कल्पनेतली राज्यं, जंगलं, डोंगररांगा, वळणदार अक्षरांत लिहिलेली गावांची नावं आणि या सगळ्यावर पसरलेली षटकोनी जाळी. जाळीतला एक षटकोन म्हणजे ३० मैल, सुमारे ४८ किलोमीटर. हे माप आपल्याकडे लावून पाहिलं तर पंचवटी, तपोवन, पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी, त्र्यंबक आणि ब्रह्मगिरी हे सगळं एकाच षटकोनात मावतं. चित्रकाराला त्यात जागा मिळणार एका देवळाच्या नाहीतर एका डोंगराच्या खुणेपुरती. मग काय काढायचं आणि काय गाळायचं?

हा नकाशा खेळण्यासाठी होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि 'डीएम' म्हणवला जाणारा एक जण त्यांना समोर काय दिसतंय ते सांगत जातो. तुम्ही खिंडीच्या तोंडाशी आलात, वर कुणीतरी हललं, आता काय करता? उत्तर खेळाडूंनी द्यायचं. जिथे शंका, तिथे फासे टाकायचे. अशा खेळांसाठी चित्रं आणि नकाशे काढणं हा आता एक धंदा आहे. तो टॅबलेटवर चालतो, त्यामुळे चित्रकार नाशिकरोडला राहतो की न्यूयॉर्कला, याला फारसं महत्त्व उरलेलं नाही. खेळाचा पट ही एक भूमी आहे, ही त्यामागची कल्पना मात्र जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट त्र्यंबकला पोचतो.

त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या धाकट्या भावाने, ज्ञानेश्वरांनी, मोक्षपट रचला असं परंपरा सांगते. आज संग्रहांत जे जुने पट दिसतात ते बहुतेक पुढच्या शतकांतले, त्यामुळे हे श्रेय परंपरेचं म्हणूनच घ्यावं. पटाची रचना मात्र विलक्षण आहे. प्रत्येक घराला नाव असतं: एखादा सद्गुण, एखादा विकार, एखादा लोक. विकाराच्या घरात सापाचं तोंड, सद्गुणाच्या घरात शिडीचा पाया, सगळ्यात वर वैकुंठ. कवड्या टाकायच्या आणि पुढे सरकायचं. हा नकाशाच आहे, फक्त ज्या मुलखाचा आहे तो माणसाच्या आत असतो. त्याचे दोन गुण ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. सगळा रस्ता सगळ्यांना पहिल्यापासून दिसतो, आणि कुठे जायचं हे कुणाच्याच हातात नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडच्या बाजारात गेला, तिथे काही काळ त्यावर इंग्रजी सद्गुण-दुर्गुण नांदले, मग तेही गेले आणि घरांवर नुसते आकडे राहिले. आपण लहानपणी खेळलो ती सापशिडी म्हणजे गावांची नावं पुसून टाकलेला नकाशा.

सगळ्यांना सगळं दिसतं, हा पहिला गुण मोडला तो प्रशियात, आणि मोडला तो लष्करी माणसांनी. १८१२ च्या सुमारास रायसवित्झ नावाच्या एका सरदाराने राजासाठी लढाईच्या खेळाचं टेबल बनवलं, त्यावर टेकड्या आणि नद्यांचे तुकडे हवे तसे मांडता येत. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली तोच खेळ १:८००० मापाच्या नकाशावर आणला. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम एका पंचाला द्यायचे. शत्रूच्या फौजेतलं जेवढं आपल्याला खरोखर दिसलं असतं, तेवढंच पंच नकाशावर मांडणार. बाकीचं फक्त त्याला ठाऊक. नकाशा एकाचा एक आणि तरी प्रत्येकाला वेगळा दिसणारा, ही कल्पना इथे खेळात शिरली. मला ती षटकोनापेक्षा आणि ड्रॅगनपेक्षाही महत्त्वाची वाटते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तीन पुस्तिकांच्या छोट्या खोक्यात आला. रानावनातल्या प्रवासासाठी त्यांनी सुचवलेला नकाशा स्वतःचा नव्हता. 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या १९७२ च्या, जंगलात वाट चुकलेल्या माणसांवरच्या खेळाचा पट वापरा, असं त्यांनी सरळ सांगितलं. ड्रॅगनांचं पहिलं रान असं उसनं होतं. भुयारांचा नकाशा मात्र डीएमने आलेखाच्या कागदावर काढायचा, एक चौकोन दहा फुटांचा, आणि तो कुणाला दाखवायचा नाही. खेळाडूंपैकी एक जण 'मॅपर' होई. डीएम सांगणार, बोळ चाळीस फूट सरळ जातो, मग डावीकडे वळतो. मॅपर ऐकून ऐकून आपल्या कागदावर रेघा ओढणार. तो कुठेतरी चुकणारच. दोन खोल्या एकमेकींवर चढल्या की सगळे कागदात डोकं घालून भांडत बसत. या भांडणात खेळाडू जितके त्या भुयारात असत, तितके ते सुंदर छापील नकाशा समोर ठेवून नसतात, असं माझं मत आहे.

आपल्याकडे अशा पटाच्या जवळपास येणारी गोष्ट म्हणजे दिवाळीतला किल्ला. माती, दगड, पोती, अळीव, बुरूज, तळं, गुहेत वाघ, वर सिंहासनावर महाराज, वाटेवर मावळे. सगळं तयार असतं, पण कुणी मावळा हलवत नाही. शेजारच्यांनी येऊन पाहून जायचं, एवढ्यासाठी तो असतो. चार दिवस झाले की मावळे पुन्हा डब्यात.

चित्रांची गोष्ट नकाशाहून अवघड आहे. याच खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात आपला राक्षस आहे. डेव्हिड ट्रॅम्पियरने तो वाघाच्या डोक्याचा, उंची झगा घातलेला, निवांत चिलीम ओढत बसलेला काढला. चित्र झकास आहे, त्यात शंका नाही. परिणाम असा झाला की तेव्हापासून त्या खेळातला राक्षस बहुतेक वाघमुखीच राहिला. मजकूर लोक विसरले, चित्र विसरले नाहीत. यात फक्त परक्यांना हसण्यासारखं काही नाही. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आपल्या लक्ष्मी-सरस्वतीचंही असंच केलं. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं होतं. पुढे पडद्यावर देव आणि राक्षस आणताना त्यांच्यासमोर ती सगळी चित्रसृष्टी होतीच. एक चांगलं चित्र पुढच्या शंभर चित्रांची वाट अडवतं. राक्षसाचं दुसरं रूप मात्र इथेच आहे: त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यात बोहाडा या उत्सवात मुखवटे नाचतात. तिथल्या राक्षसाला भडक रंग असतात, मोठे डोळे असतात, आणि तो गावात सगळ्यांच्या ओळखीचा असतो. शूर्पणखेची गोष्ट जिथे घडली असं आपण मानतो त्या मुलखातल्या चित्रकाराने राक्षस काढताना वाघाच्या डोक्यापासून सुरुवात करावी, हे मला पटत नाही. पण बोहाड्याचा मुखवटा जसाच्या तसा उचलून 'स्थानिक रंग' म्हणून चिकटवणंही तितकंच आळशीपणाचं.

नकाशाच्या बाबतीत सह्याद्री चित्रकाराची खरी अडचण करतो. लढाईच्या प्रसंगासाठी खेळात जो पट वापरतात तो थेट वरून पाहिलेला असतो, पाच फुटांचा एक चौकोन. आता हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या वरून काढून पाहा. जवळजवळ उभ्या असल्यामुळे त्या पाच-सात चौकोनांत संपतात, आणि ज्या भीतीसाठी माणूस तिथे जातो तीच कागदावरून नाहीशी होते. अमेरिकेतही ही अडचण आली होती. याच खेळाच्या १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये डेव्हिड सदरलँडने अख्खा वाडा तिरप्या कोनातून, मजल्यावर मजले दिसतील असा काढला, तो यासाठीच. आपल्या जुन्या नकाशांनी याचा गाजावाजा न करता तोडगा काढला होता. त्यांत नदी वरून दिसते, तर डोंगर, देऊळ आणि झाड बाजूने. एकाच कागदावर दोन नजरा. भूगोलाच्या शिक्षकाला ते चालणार नाही, पण पायी चालणाऱ्याला डोंगर असाच दिसतो. ख्रिस्तोफर टॉल्कीनने वडिलांच्या १९५४ सालच्या कादंबरीसाठी काढलेल्या नकाशातही डोंगर बाजूनेच उभे आहेत. आपल्याकडचा चित्रकार ही पद्धत परदेशी पुस्तकांतून उचलतो, याची मला गंमत वाटते.

प्रशियाच्या पंचाचं तत्त्व नाशिकच्या मातीत लावून पाहायचं असेल तर रामशेज घ्यावा. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा बेताचा किल्ला त्यांना वर्षानुवर्षं दमवत राहिला. इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडावर कातडं मढवून तोफा केल्या. पुढे मोगल सरदार खानजहान बहादूरने एक डाव टाकला. एका बाजूला बाजारबुणगे गोळा करून मोठा गोंगाट करायचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं गुपचूप वर चढवायची. किल्लेदाराला याचा सुगावा लागला. त्याने गोंगाटाच्या बाजूला उलट ढोल-नगारे वाजवायला लावले आणि खरी माणसं दुसऱ्या कड्यावर अंधारात बसवून ठेवली.

हा प्रसंग खेळात आणायचा तर नकाशे तीन लागतील. खानाच्या कागदावर किल्ल्यावरची तोफ ही नुसती तोफ असेल, कातडं त्याला दिसायचं नाही, आणि नगाऱ्यांच्या बाजूला शिबंदी जमल्याची खूण असेल. किल्लेदाराच्या कागदावर पायथ्याची छावणी काळोखात असेल आणि सुगावा लागला ती एकच वाट रंगवलेली. तिसरा, सगळं दाखवणारा नकाशा डीएमपाशी राहील. चित्रकाराची बरीचशी मेहनत त्याच्यावरच जाणार, आणि खेळ रंगला तर खेळाडूंना तो कधी बघायला मिळणार नाही.