घोरणे : ऐकणाऱ्याचा शब्द

भाषांतराच्या चर्चेत कठीण शब्दांची उदाहरणे नेहमी दिली जातात. सोप्या मानल्या गेलेल्या शब्दांकडे सहसा लक्ष जात नाही. 'घोरणे' हा असाच एक शब्द. इंग्रजीत 'स्नोअर', जर्मनमध्ये 'श्नार्खन', फ्रेंचमध्ये 'रोंफ्ले', इटालियनमध्ये 'रुस्सारे', स्पॅनिशमध्ये 'रोंकार', रशियनमध्ये 'ख्रपेत' : कोशांत हे शब्द एकमेकांसमोर निःशंकपणे मांडलेले असतात. माणसाचा घसा सर्वत्र सारखा, त्यातून निघणारा आवाजही सारखा. तेव्हा येथे भाषांतर म्हणजे एका अनुकरणाच्या जागी दुसरे अनुकरण ठेवणे, असे वाटते. ही समजूत भाषाविज्ञानाच्या दृष्टीने अपुरी आहे आणि नैतिक दृष्टीनेही.

ध्वन्यनुकारी शब्दांमुळे चिन्हाच्या यादृच्छिकतेला बाध येतो, हा आक्षेप सोस्यूरने १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत विचारात घेतला होता. असे शब्द थोडे असतात, त्यांतील अनुकरण अदमासाचे व बरेचसे संकेतबद्ध असते आणि भाषेत शिरल्यावर तेही इतर शब्दांप्रमाणे ध्वनिपरिवर्तनाच्या अधीन होतात, असे त्याचे उत्तर होते. घोरण्याचे शब्द या उत्तराला दुजोरा देतात. अभिजात लॅटिनमधील क्रियापद 'स्तेर्तेरे'. परंतु फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश यांपैकी एकीनेही आपला रोजचा शब्द त्यावरून घेतलेला नाही. स्पॅनिश 'रोंकार'चे मूळ लॅटिनमार्गे ग्रीक 'ऱ्होंखोस'पर्यंत जाते. इटालियन 'रुस्सारे' हा जर्मानिक लोंबार्डांच्या भाषेतून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. निसर्गाचा थेट प्रतिध्वनी वाटणारा शब्द असा शेजाऱ्याकडून किंवा जेत्याकडून उसना आलेला असू शकतो. घोरणे शरीराचे असले, तरी त्याचे नाव इतिहासाचे असते.

या क्रियापदाचे दुसरे वैशिष्ट्य पुरुषाशी निगडित आहे. 'मी घोरतो' असे म्हणता येते, पण ते बहुधा दुसऱ्याच्या साक्षीवरून. 'मी आता घोरतो आहे' हे मात्र प्रामाणिकपणे म्हणताच येत नाही. आपल्याच आवाजाने दचकून उठणारा माणूस उठताक्षणी घोरायचा थांबलेला असतो. नॉर्मन माल्कम या तत्त्वज्ञाने 'ड्रीमिंग' (१९५९) या ग्रंथात 'मी झोपलो आहे' या वाक्याविषयी, ते विधान म्हणून वापरता येत नाही, असा मुद्दा मांडला होता. तो येथेही लागू पडतो. 'घोरणे' हा म्हणून मूलतः ऐकणाऱ्याचा शब्द आहे. ज्याच्याविषयी तो उच्चारला जातो त्याला त्या क्षणी उत्तर देता येत नाही. अशा स्थितीत नाव देणे आणि नावे ठेवणे यांतील अंतर फार थोडे उरते. भाषांतरकारापुढील नैतिक प्रश्न नेमका येथे उभा राहतो.

इ. स. पू. ४२३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या 'मेघ' या प्रहसनाचा आरंभ पाहावा. मुलाच्या घोड्यांपायी कर्जबाजारी झालेल्या स्ट्रेप्सिआदिसला झोप येत नाही आणि त्याचे गुलाम मात्र घोरत आहेत. युद्धामुळे गुलामांना शिक्षाही करता येत नाही, याबद्दल तो चरफडतो. मराठीत येथे 'घोरत आहेत' असे म्हणता येईल, तसेच 'घोरत पडले आहेत' असेही. दुसऱ्या पर्यायातील 'पडणे' आळसाचा आरोप सोबत आणते. मालकाच्या तोंडी तो आरोप शोभतो. किंबहुना तो गाळणे हीच अप्रामाणिकता ठरेल. परंतु 'गुलाम'ऐवजी 'गडी' म्हटले, की मारता न येण्याची तक्रार निरुपद्रवी विनोद होऊन बसते. अन्याय भाषांतरित करावाच लागतो. तो ऐकणाऱ्याच्या खाती राहिला पाहिजे, झोपलेल्याचा स्वभाव म्हणून नोंदला जाता कामा नये.

याच्या उलट टोक जुवेनालच्या पहिल्या उपहासिकेत दिसते. पत्नीच्या प्रियकराकडून लाभ उकळणारा नवरा तेथे मद्याच्या पेल्यापाशी जागत्या नाकाने घोरतो. उंबेर्तो एकोने १९७५ मध्ये चिन्हमीमांसेची व्याप्ती सांगताना, खोटे बोलण्यासाठी जे वापरता येते ते सारे चिन्ह होय, अशा आशयाचे प्रतिपादन केले. त्या कसोटीवर हे घोरणे पूर्णार्थाने चिन्ह ठरते. घोरण्यातून जो स्वतः काही 'बोलतो', तो झोपलेला नसतो! या ओळीसाठी मराठीत 'झोपेचे सोंग' हा तयार वाक्प्रचार हाताशी आहे. पण तो निवाडा आधीच जाहीर करतो आणि आवाज पुसून टाकतो. जुवेनालचा उपहास आवाज आणि जागेपणा यांना एकत्र ठेवण्यात आहे.

तिसरे उदाहरण वैद्यकातले आहे. स्टेथोस्कोपचा जनक लाएनेक याने १८१९ च्या ग्रंथात छातीतील आवाजांसाठी फ्रेंच 'राल' हा शब्द योजला. पण लोकांच्या बोलण्यात तो मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजाचा शब्द होता. म्हणून रुग्णासमोर तो 'ऱ्होंखुस' हा लॅटिन शब्द वापरी. त्याचा मूळ अर्थ घोरणे. इंग्रजी वैद्यकातील 'रॉन्काय' हा शब्द त्याच परंपरेतला. येथे शब्दाची निवड ऐकणाऱ्या रुग्णाची भीती जाणून झालेली आहे. मराठीतही ही सीमारेषा आहे : 'छातीत घरघर होणे' हे दुखणे, तर 'घरघर लागणे' ही अखेर. ज्या भाषांतरकाराला 'होणे' आणि 'लागणे' यांतील हा भेद ऐकू येत नाही, तो ध्वनी अचूक साधूनही लाएनेकची काळजी वाया घालवील.

या तिन्ही ठिकाणी आवाज जवळपास एकच. पण एकदा मालक ऐकतो, एकदा सोंग ओळखणारा उपहासकार, एकदा वैद्य. समानार्थी शब्द शोधताना कोश आवाजाची बरोबरी दाखवू शकतो, ऐकण्यातील संबंधाची नाही. तो संबंध जपणे हे भाषांतरकाराचे काम आहे. झोपलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नसल्यामुळे ते काम केवळ कौशल्याचे राहत नाही. त्याच्या वतीने कोण काय म्हणते आहे, हे वाचकाला दिसू देण्याची ती जबाबदारी असते.